जुन्या टीमच्या फोटोंवर नावं कोण लिहिणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या आबांची निधन वार्ता आपल्या पेपरात आली त्याबद्दल आधी आभार. शुक्रवार पेठ, वय ८४, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडं असा परिवार, रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी ९ वाजता. वार्ता बरोबर होती, वय पण बरोबर होतं, तक्रार काही नाही. फक्त झालं असं की रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर जी माणसं आली त्यातली बरीचशी आम्हाला कुणालाच ओळखता आली नाहीत. भावकी नाही, पै पाव्हणं नाही, गल्लीतली पण नाहीत. सगळी सत्तरी ऐंशीची, एकजण तर नातवाच्या गाडीवर मागं बसून आले होते, खाली उतरता येईना, आणि माझ्या वडलांचा हात धरून म्हणाले, "आमचा बॅक गेला की रं." वडील नुसतं हो हो म्हणत राहिले. कोण होते, कुठल्या पेठेतले, विचारायचं राहूनच गेलं.

पत्र त्याच कारणासाठी लिहितोय. जरा लांबलंय, कुठं कापायचं तर कापा, पण शेवटची मागणी तेवढी छापा.

आमचे आबा फुटबॉल खेळायचे. आता कोल्हापुरात हे काय सांगायची गोष्ट आहे का, इथं प्रत्येक गल्लीत एक आबा फुटबॉल खेळलेला असतोय. बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की आमच्यात तालमीची टीम असते आणि तालमीत फुटबॉल खेळतात तर तो खुळ्यात काढतोय, त्याला वाटतं तालीम म्हणजे लंगोट आणि माती. आबांचं पण सुरू झालं ते लंगोटापासनंच. त्यांच्या वडलांनी तालमीत घातलं ते कुस्तीसाठी, कारण तेव्हा खासबागचं मैदान म्हणजे पंढरी. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान वाडग्यासारखं खोल आहे, कुठंही बसा, मधल्या हौद्यातली कुस्ती दिसतेच, आणि आबा सांगायचे की लहानपणी तिथं वर कडेला बसून बघितलं की आपण पण उतरावं असं वाटायचं आणि उतरल्यावर आपण कडेलाच बरे होतो असं वाटायचं. अंगानं किरकोळ होते. पण पाय भारी होता. तालमीच्या मागं मोकळ्या जागेत पोरं संध्याकाळी बॉल खेळायची त्यात हे घुसले ते घुसलेच.

खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मेडल आणलं तेव्हा आबा अकरा वर्षांचे होते. ती गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल, पण आबा सांगताना मेडलवर फार रेंगाळायचे नाहीत, त्यांची गोष्ट सगळी राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांची. खाशाबांना जायला पैसे नव्हते म्हणून खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. आबा म्हणायचे, "मेडल एकट्याचं नसतंय लेका, कुणाचं तरी घर गहाण असतंय." मला वाटतं त्यांना खेळणाऱ्यापेक्षा मागं उभं राहणाऱ्याचं जास्त कौतुक होतं, म्हणून तर आयुष्यभर बॅकलाच, म्हणजे मागं गोल राखायलाच खेळले. गोल किती मारले विचारलं की हसायचे. एकपण नाही.

टीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर उरलेल्या पेठा हे पत्र वाचायच्या नाहीत.

नोकरी म्हणाल तर शिवाजी उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे लोखंड ओतायला वाळूचे साचे करणारा. सतराव्या वर्षी चिकटले. म्हादबा मेस्त्रींनी या गावात लोखंडाचा नाद लावला त्याच्या पुढच्या पिढीतली ही माणसं. ऑइल इंजिनांचे ते दिवस होते, शेतकऱ्याला उसाला पाणी पाजायला इंजिन पाहिजे आणि कोल्हापूर ते बनवतंय, त्यामुळं काम भरपूर आणि अंग मोडून. मी लहान असताना त्यांच्याबरोबर फौंड्रीत जायचो, तेव्हा त्यांची पद्धत बघितलीय. वाळू मूठभर घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची, गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उठलेत का बघायचं आणि मग गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडायचा. कड धारदार आली तर वाळू तयार, भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर पाणी जास्त. पाणी जास्त झालं की ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगला आतनं भोकं पडतात, वरनं दिसत नाहीत, मशीनवर चढवलं की उघडी पडतात. लॅबोरेटरी वगैरे नंतर आली, त्यावेळी आबांची मूठ हीच लॅबोरेटरी.

भट्टीच्या दिवशी मात्र आपले साचे ओतून झाल्याशिवाय कुणाला घरी जायची मुभा नव्हती. लहान फौंड्रीत काय असायचं, चार दिवस साचे भरत बसायचं आणि मग एक दिवस क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, पेटवून सगळे साचे एकदम ओतायचे. कोक, त्यावर पिग आयर्न आणि स्क्रॅप, चुनखडी, परत कोक, असा थरावर थर. लोखंड सुटलं की दोघांनी लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, उचलायचं आणि पावलात पाऊल टाकून साच्यापर्यंत जायचं, ओतायला लागलं की धार तोडायची नाही, मधे थांबलं की आधीचं लोखंड धरतं आणि नंतरचं त्याला चिकटत नाही. त्यात एखादा थेंब उडायचाच. आबांच्या उजव्या पायाच्या वरच्या अंगाला बारीक बारीक पांढरे गोल डाग होते, सातआठ असतील, आज्जी त्याला नक्षी म्हणायची. त्याच पायानं बॉल मारायचे. तेव्हाचा बॉल पण आजच्यासारखा नव्हता, चामड्याचा, आत ब्लॅडर, वर वादीची शिवण, पाऊस लागला की पाणी पिऊन दगड व्हायचा आणि डोक्यावर घेतला आणि नेमकी शिवण लागली की कपाळावर तिचा छाप.

मालक विरुद्ध पेठेचा. इथं खरी गंमत आहे. माणूस चांगला होता, अडीनडीला पैसे द्यायचा, पण आमच्या टीमची मॅच असली आणि त्यातनं त्यांच्या पेठेबरोबर असली की नेमकी त्याच दिवशी भट्टी लागायची. आबा त्यावर कधी भांडले नाहीत. पहाटे जायचे, जोडीदाराला सांगून आपले साचे आधी ओतून घ्यायचे आणि चार साडेचारला सायकल हाणत थेट ग्राउंडवर. त्या काळी बदली खेळाडू हा प्रकार आपल्याकडं नव्हता, त्यामुळं आबा येईपर्यंत टीम दहाजणांवर खेळायची आणि हे आले की रेफ्रीला विचारून आत. एकदा हाफटाइम व्हायला आला तरी पत्ता नाही, दोन गोल बसलेले, आणि हे आले ते तसेच काजळी माखलेले, तोंड धुवायला वेळ नाही, तर समोरच्या टीमनं तक्रार केली की हा आमच्यात नोंदणी झालेला माणूसच नव्हे, ओळख पटत नाही. मग म्हणे रेफ्रीनं स्वतः तांब्याभर पाणी मागवलं. ती मॅच आम्ही हरलोच, पण तिसरा गोल बसला नाही एवढंच आबा सांगायचे, आणि मालकानं दुसऱ्या दिवशी पेढे वाटले तेव्हा आबांनी पण एक खाल्ला.

देवाधर्माचं म्हणाल तर आबांचं सगळं जोतिबा. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला चालत जायचं हे ठरलेलं, रात्री गल्लीतली माणसं निघायची, पहाटे डोंगरावर, सासनकाठ्या, गुलाल, "जोतिबाच्या नावानं चांगभलं", आणि परत येताना खिशात दवणा. तो दवणा कपाटात कपड्यात ठेवायचे, पुढची जत्रा येईतो वास राहायचा. जोतिबाचा वार रविवार म्हणून रविवारी घरात मटण नाही. आता कोल्हापुरात रविवारी मटण नाही म्हणजे काय शिक्षा आहे हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही, अख्ख्या गल्लीत चुलीवर तांबडा चढलेला, वासानं जीव जायचा आणि आमच्यात वरण भात. आज्जी शेवटपर्यंत यावर धुसफुसायची, "मी जातो माझ्या भावाकडं, तुम्ही आणि तुमचा देव बसा" असं दर रविवारी एकदा तरी. आमचं मटण बुधवारी. शाळेत पोरं हसायची.

आषाढीला नंदवाळची दिंडी पण चुकवायचे नाहीत, पुईखडीला रिंगण बघायचे, घोडा गेला की त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायची. पण गळ्यात माळ घाला असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "मग बुधवारचं काय करू?" आणि मोहरम आला की तालमीत पंजे बसतात तिथं पण हे, खत्तल रात्री पंजांच्या भेटी बघायला मला खांद्यावर घेऊन गेलेले आठवतंय, गर्दीत माझी टोपी पडली ती कुणीतरी चार गल्ल्या पलीकडनं घरी आणून दिली. त्यांना यात काही वेगळं वाटायचं नाही, आमच्या पेठेत कुणालाच वाटायचं नाही. हल्ली मोबाइलवर जे काय फिरतं ते वाचून दाखवलं तर म्हणायचे बंद कर ते. एवढंच. त्यावर भाषण नाही.

आणि खंडेनवमीला फौंड्रीतली थापी, करणी आणि घरातले बूट एका पाटावर. चामड्याचे बूट देवासमोर ठेवायचे की नाही यावर आज्जीनं एकदा हरकत घेतली होती. आबा म्हणाले यांच्यावर पण पोट आहे. तसं बघितलं तर बुटांवर पोट कधीच नव्हतं, फुटबॉलनं त्यांना एक रुपया दिला नाही, उलट बूट शिवून घ्यायला जवाहरनगरच्या कारागिराकडं उधारी असायची. जिंकलं की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, हरलं तरी तेच, फक्त पैसे ज्याचे त्याचे.

खेळणं सत्तर बहात्तरच्या सुमाराला सुटलं. गुडघा. फौंड्री नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंद पडली, नाव घेत नाही, हिशोबाचे पैसे अर्धेमुर्धेच मिळाले आणि त्यासाठी चपला झिजवल्या, पण त्या मालकाच्या मयताला आबा गेले होते. नंतर काही वर्षं शिरोलीत एमआयडीसीत पोरांना मोल्डिंग शिकवायला जायचे. तोवर वाळू मशीननं तयार व्हायला लागली होती, तरी हे जाता जाता मूठभर उचलून बघणारच.

मॅच बघणं मात्र कधी सुटलं नाही. शाहू स्टेडियमवर लीग सुरू झाली की दुपारी जेवण उरकून छत्री, पाण्याची बाटली आणि खाली घालायला आपलाच पेपर, संपादक साहेब, स्पोर्ट्सचं पान तेवढं काढून खिशात आणि उरलेल्यावर बसायचं. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला तेव्हा टीव्हीसमोर गल्लीतली सगळी पोरं बसवली होती आमच्या घरात, आणि स्वतः उभे. शेवटच्या काही वर्षांत मॅचमध्ये समर्थकांची हुल्लडबाजी, बाटल्या, मग पोलीस, मग मॅच बंद, हे बघून वैतागायचे. असं नाही की त्यांच्या वेळी भांडणं नव्हती, चांगली होती, पेठापेठात बोलणी बंद असायची. पण ती भांडणं खेळणाऱ्यांची होती, रात्री दूध कट्ट्यावर मिटायची. आता भांडणारा कधी बॉलला शिवलेला नसतो, माझं मत आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

आता मूळ मुद्दा.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कुणाला सांगायला नको. धोक्याची पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ च्या वर. आमच्या घरात छातीएवढं पाणी. आम्ही आत्याकडं राजारामपुरीत. माळ्यावर गाद्या, टीव्ही, धान्य, कागदपत्रं चढवली, आबांची ट्रंक जड म्हणून कॉटवर ठेवली की पाणी एवढं येत नाही कधी. २००५ ला पण आलं नव्हतं. ट्रंकेत त्यांची कात्रणं होती, आपल्या आणि इतर पेपरांतली, तीन चार मेडलं आणि टीमचा एक फ्रेम केलेला फोटो. पूर ओसरल्यावर कात्रणांचा लगदा झालेला. मेडलं धुतली. फोटो काचेला चिकटलेला, सोडवायला गेलो तर उभ्यांचा वरचा भाग आणि बसलेल्यांची तोंडं काचेबरोबर निघून गेली. तोंडं गेली सगळी, छातीपासनं खालचं शिल्लक, हात मागं बांधलेले, आखूड चड्ड्या, गुडघ्यापर्यंत मोजे आणि बूट.

आम्हाला वाटलं आबा आता आजारी पडणार. त्यांनी तो तुकडा उन्हात पाटावर वाळवला, चष्मा लावला आणि पायावरनं नावं सांगायला लागले. हा उजवीकडनं दुसरा, गुडघा आत वळलेला बघ, हा आमचा सेंटर हाफ, बेकरीवाल्याचा पोरगा. ह्याचे मोजे कायम घसरलेले, लेफ्ट आउट, एसटीत लागला नंतर. ह्याच्या डाव्या बुटाला वेगळी नाडी, गोली तो, शाहू मिलमध्ये होता, भोंगा झाला की पळत यायचा. हा मी, हे डाग बघ, आणि खरंच त्या फोटोत मोजा खाली आलाय आणि डाग दिसतात, भिंग घेऊन बघितलं तर. माझी बायको वहीत लिहून घेत होती. नऊजण झाले. दोघांचं काही केल्या आठवेना, खाली बसलेल्यातले मधले दोघं, पाय दुमडलेले असल्यामुळं ओळखता येईनात. पुढं महिनाभर मधेच जेवताना ताट सरकवून उठायचे आणि फोटो बघून यायचे. शेवटी म्हणाले तालमीत विचारा. तालमीतली कागदं पण त्याच पुरात गेलेली.

म्हणजे बघा, या गावात फुटबॉल शतकभर खेळला जातोय, वर्ल्डकप आला की चौकाचौकात अर्जेंटिना ब्राझीलचे झेंडे आणि मेस्सीचे कटआउट लागतात, पण साठ वर्षांमागं शाहू स्टेडियमवर आपल्याच पेठेचा राइट इन कोण होता हे सांगणारा माणूस आता शोधावा लागतोय. मोठ्या पैलवानांचं बरं आहे, हिंदकेसरी श्रीपती खंचनाळ्यांचं नाव कुणी विसरणार नाही, विसरू पण नये. पण भट्टी ओतून, मिलची पाळी करून, हमाली करून संध्याकाळी ग्राउंडवर येणारी जी माणसं होती त्यांची नोंद फक्त दोन ठिकाणी, एक त्यांच्या ट्रंकेत आणि दुसरी आपल्यासारख्या पेपरांच्या जुन्या अंकात. ट्रंका गेल्या. अंक तुमच्याकडं असणार.

म्हणून मागणी एवढीच की १९६० ते १९७२ पर्यंतच्या हंगामातली स्पोर्ट्सची पानं, जी काय बाइंडिंग केलेली असतील, ती बघायला द्यावीत. मी स्वतः येऊन बसतो, सुट्टी टाकतो, हात धुऊन पानं उलटतो, फोटो काढू देणार नसाल तर वहीत उतरून घेतो. आणि जमलं तर आठवड्यातनं एकदा एक जुना टीम फोटो छापावा, खाली नुसतं लिहावं की यातलं कोण ओळखू येतं ते कळवा. जाहिरातीच्या दोन बोटं जागेत बसेल. पंचगंगेवर आलेले ते आजोबा, नातवाच्या गाडीवर बसून आलेले, ते जर हे वाचत असतील किंवा त्यांचा नातू वाचत असेल तर पेपरच्या ऑफिसात निरोप ठेवावा, मी घरी येतो. मला वाटतं मधल्या दोघांपैकी एक तेच असावेत.

ज्यांच्या घरी असे फोटो आहेत त्यांना पण विनंती, घरातलं म्हातारं माणूस हिंडतंय फिरतंय तोवर नावं विचारून घ्या आणि फोटोच्या मागं लिहा. बॉलपेननं दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला उमटतं, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा, आणि फोटो काचेला न चिकटवता मधे कागद घालून ठेवा. आणि ट्रंक माळ्यावर चढवा, टीव्ही राहू दे खाली.

आपला,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर